डाव्या कड्याचा बोगदा

दोन देशांनी एकाच कड्याबद्दल दोन अहवाल लिहिले होते आणि दोन्ही मला जवळजवळ पाठ झाले होते. वरचा देश म्हणत होता, कडा अखंड आहे, धरण खुशाल बांधा. खालचा देश म्हणत होता, कडा आतून फुटलेला आहे, बांधाल तर पस्तावाल. शेवटी कर्ज देणारी बँक या वादाला कंटाळली. तिनं बजावलं की दोघांनी मिळून जा, एकाच बोगद्यात शिरा, एकाच भिंतीकडे बघा आणि सगळ्यांच्या सह्यांचा एक परिच्छेद घेऊन या. नाहीतर धरण विसरा.

तो एक परिच्छेद आणायला आम्ही पाच जण घळीत उतरलो!

मी संयुक्त नदी कार्यालयातली समन्वयक. ना इंजिनिअर, ना शास्त्रज्ञ. एकमेकांकडे पाठ करून बसलेल्या माणसांच्या खुर्च्या वळवायच्या, हे माझं काम. माझा नवरा म्हणतो, तू पगार घेऊन भांडणं सोडवतेस, घरी मात्र फुकटात उकरतेस.

वरच्या देशाचे भूगर्भतज्ज्ञ आमच्यात होते. त्यांना सगळे खडकसाहेब म्हणत. खालच्या देशाच्या जलतज्ज्ञ होत्या, त्या नदीबाई. हे दोघं बैठकींत एकमेकांचे आकडे इतक्या तावातावानं खोडत की नवख्या माणसाला वाटावं, यांचं सात पिढ्यांचं वैर आहे. प्रत्यक्षात ते व्याही होते. खडकसाहेबांची मुलगी नदीबाईंच्या घरी सून म्हणून नांदत होती. या प्रकल्पाच्याच एका बैठकीत आईबापांची कागदपत्रं सांभाळता सांभाळता मुलांनी आपापलं जमवलं होतं. त्या लग्नानंतर दोघं जास्तच कडक झाले. सोयरिकीपायी नमतं घेतलं, असं कुणी म्हणू नये म्हणून.

चौथ्या नर्सताई. घळीच्या तोंडाशी नदीच्या दोन्ही काठांवर गावं होती. डावा काठ वरच्या देशाचा, उजवा खालच्या देशाचा. मध्ये एक झुलता पूल आणि पुलाच्या दोन्ही टोकांना एकेक चौकी. डॉक्टर कुठल्याच काठावर टिकत नसत, त्यामुळे दोन्ही गावांची बाळंतपणं आणि तापखोकले एकट्या नर्सताईंच्या अंगावर पडत. गावकऱ्यांनी एकमतानं त्यांना पाठवलं होतं. धरणाच्या भिंतीखाली आयुष्य काढायचं होतं ते त्यांच्या माणसांना. पाचवा दोरवाला. कडे चढवणं हा त्याचा धंदा आणि बोलणं त्याला मुळीच आवडत नसे.

निघण्यापूर्वी मी एक नियम घातला. खडकसाहेबांनी फोडलेले दगड नदीबाईंच्या पिशवीत जातील आणि नदीबाईंची उपकरणं खडकसाहेबांच्या पाठीवर. म्हणजे फेरफाराचा संशय नको. दोघांनाही तो अपमान वाटला, म्हणजे नियम बरोबर होता.

घळीतली वाट वाईट होती. दोन्ही बाजूंना उभे कडे, वर आभाळाची चिंधी आणि तळाशी गर्जत धावणारी, गार, मातकट नदी. तिच्या कडेनं ओल्या शिळांवरून आम्ही कधी चालत, कधी रांगत पुढे सरकत होतो. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. बोगदा डाव्या कड्यात खूप उंचावर होता. जुन्या काळी कुणीतरी चाचणीसाठी खोदून सोडून दिलेला. खालून तो भिंतीतल्या खिळ्याच्या भोकाएवढा दिसत होता.

कड्याच्या पायथ्याशी आम्ही जरा टेकलो. मी पाण्याची बाटली उघडली आणि माझ्या लक्षात आलं की झाकण फिरल्याचा आवाज मला ऐकू आला.

नदीचा आवाज कमी झाला होता!

नदीबाई उठून काठाशी गेल्या. पाणी शिळांवरून खाली उतरत होतं. काळी ओली रेघ वर राहिली होती आणि पाणी तिच्या हातभर खाली गेलं होतं. बघता बघता ते आणखी उतरलं. दोन शिळांमधल्या खळग्यात एक मासा तडफडू लागला.

दोरवाला खूश झाला. पलीकडे जायला वाट मिळेल, अशी त्यानं हातानं खूण केली. नदीबाईंचा चेहरा मात्र पांढरा पडला होता.

"वर कुठेतरी नदी अडलीय," त्या म्हणाल्या. "दरड कोसळून बांध झालाय. मागे तळं भरतंय. ते फुटलं की हे सगळं पाणी एकदम येईल."

खडकसाहेबांनी मान हलवली. कारण दुसरंही असू शकतं, वर बर्फ कमी वितळलं असेल, असं ते म्हणाले. पण त्यांनी बोलता बोलता उपकरणांची पिशवी पाठीवर चढवली होती. ते मी पाहिलं.

आमच्याकडे दोन वायरलेस संच होते. प्रत्येक देशानं आपापला दिला होता आणि प्रत्येक संच फक्त आपापल्या चौकीशी बोलत असे. घळीच्या तळाशी दोन्ही मुके होते. वर जाणं भाग होतं. आल्या वाटेनं परतायचं तर घळीतून, म्हणजे थेट पुराच्या तोंडी. उरला तो बोगदा.

आम्ही चढू लागलो.

दोरवाला पुढे. तो खिळा ठोके, दोर अडकवी, खुणेची शीळ घाली. मग एकेक जण. कडा गार होता आणि हाताला निसरडा लागत होता. अर्ध्या वाटेवर नदीबाईंच्या पायाखालची कपार निखळली. त्या घसरल्या! दोर ताणला. खडकसाहेब कड्यावर आपटले, पण त्यांनी दोर सोडला नाही. नदीबाई हवेत लोंबकळत होत्या आणि वाटेत फोडलेल्या दगडांनी भरलेली पिशवी त्यांना खाली ओढत होती.

"पिशवी सोडा," खडकसाहेब वरून म्हणाले.

"तुमचा पुरावा आहे त्यात."

"विहीणबाई, सोडा ती पिशवी!"

त्यांनी पट्टा काढला. पिशवी गेली. ती खाली आपटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला, इतकी नदी शांत झाली होती. 

बोगद्याच्या तोंडाशी पाच माणसं जेमतेम उभी राहतील एवढा कट्टा होता. तिथून घळीचं वरचं वळण दिसत होतं. वळणापलीकडच्या डोंगराची एक पूर्ण बाजू सोलल्यासारखी उघडी पडली होती आणि तिच्यावर पिवळट धूळ अजून तरंगत होती. खडकसाहेबांनी ते पाहिलं. त्यांना आता कुणी काही सांगायची गरज नव्हती.

संच सुरू झाले. दोन्ही चौक्या लागल्या. आणि इथेच आमचं घोडं पेंड खाऊ लागलं.

पाण्याबद्दल एका बाजूनं एकट्यानं इशारा द्यायचा नाही, असा दोन्ही देशांचा करार होता. त्याला कारणही होतं. काही वर्षांपूर्वी एका काठानं नुसत्या अफवेवर भोंगा वाजवला, दोन्ही गावं पुलावर धावली आणि चेंगराचेंगरीत माणसं गेली. तेव्हापासून इशाऱ्याचे शब्द दोघांनी मिळून ठरवायचे आणि मगच बोलायचे. त्याशिवाय चौक्या ऐकत नसत.

नदीबाईंना शब्द हवे होते, वरच्या देशात दरड कोसळली आहे. खडकसाहेबांना ते नको होते. एवढं बोललो की उद्या सगळ्या नुकसानीचं खापर माझ्या देशावर फुटेल आणि धरणही बुडेल, असं त्यांचं म्हणणं. पाणी कमी झालं आहे, सावध राहा, एवढंच म्हणू. नदीबाई म्हणाल्या, हे म्हणजे आग लागली असताना ऊन वाढलंय म्हणण्यासारखं आहे. दोघंही चूक नव्हते. हेच माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड दुखणं, कुणीच धड चूक नसतं. बैठकीच्या खोलीत मी चहा मागवला असता आणि दोन दिवस काढले असते. इथे तळ्यात पाणी भरत होतं.

नर्सताई मध्ये आल्या.

"सावध राहा म्हटल्यावर माझ्या गावात कुणी उंबरा ओलांडत नाही," त्या म्हणाल्या. "वर चढा म्हणा. कुणाच्या देशात काय पडलं ते मागाहून भांडा. भांडायला माणसं तरी ठेवा."

मी दोघांच्या हातात आपापले संच दिले आणि म्हटलं, मी सांगते तेच बोलायचं. शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. एकदम बोलायचं.

"नदी वर अडली आहे. कधीही फुटेल. दोन्ही काठांनी आत्ताच्या आत्ता वर चढा. पुलावर कुणी जाऊ नये."

नदी अडली आहे. कुठल्या देशात ते नाही. खडकसाहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. नदीबाईंनीही दाबलं. दोघांचे आवाज एकमेकांवर चढले, मग जुळले. दोन्ही संचांतून खरखर आली. डाव्या चौकीनं विचारलं, हुकूम कुणाचा?

"माझा," खडकसाहेब म्हणाले.

उजव्या चौकीनंही तेच विचारलं. नदीबाई म्हणाल्या, "त्यांचा आणि माझा. भोंगा वाजवा."

घळीच्या तोंडाकडून आधी एक भोंगा ऐकू आला, मग दुसरा. नर्सताईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या ओठांवर घराघरांची नावं चालली होती. कुणाला चालता येत नाही, कुणाचे दिवस भरलेत, कुणाला ऐकू येत नाही.

मग डोंगर गुरगुरला.

आधी वारा आला, ओल्या मातीच्या वासाचा. मागोमाग वळणावरून एक तपकिरी भिंत बाहेर पडली. पाणी म्हणावं असं त्यात काही दिसत नव्हतं. झाडं होती, शिळा होत्या, चिखल होता. घळ भरली! आम्ही मघाशी बसलो होतो ती जागा एका क्षणात गेली. पाणी कड्यावर आदळून उसळलं, कट्टा थरथरला आणि त्याची कड तुटून पडली.

"आत!" दोरवाला ओरडला. दिवसभरातला त्याचा हा पहिलाच शब्द असावा.

आम्ही बोगद्यात घुसलो. त्यानं भिंतीतल्या जुन्या लोखंडी कडीला दोर बांधला आणि आम्हाला एकामागोमाग त्यात अडकवलं. टॉर्चच्या उजेडात आतली भिंत दिसली आणि ज्यासाठी एवढा आटापिटा केला होता, ती गोष्टही दिसली. जमिनीपासून छतापर्यंत एक काळी भेग गेली होती. खडकसाहेब तिच्याकडे सरकले. त्यांनी त्यात बोटं घातली, मग मनगट, मग कोपरापर्यंत हात.

ते तसेच उभे राहिले. "गार हवा येतेय," म्हणाले. "ही नदीकडे उघडते."

त्यांनी हात काढला आणि भेगेच्या तळातून पाणी फुटलं!

चिखलाचा फवारा समोरच्या भिंतीवर आदळला. नर्सताई पडल्या. मी त्यांची कॉलर धरली. पाणी आधी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. ते बोगद्याच्या तोंडाकडे धावत होतं आणि आम्हाला सोबत नेऊ बघत होतं. पुढे पूर, मागे फवारा आणि मध्ये एक गंजकी कडी. खडकसाहेबांनी भेगेला पाठ लावली आणि दोन्ही पाय समोरच्या भिंतीला रोवले. नदीबाईंना त्यांनी पुढ्यात धरून ठेवलं होतं.  कडी कुरकुरायची आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांपुढे माझं स्वयंपाकघर यायचं. ओट्यावर सकाळी तसेच ठेवलेले कप.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. फवाऱ्याची धार बारीक झाली. मग नुसतीच भिंत पाझरू लागली. बाहेरची गर्जना खालच्या सुरावर आली.

खडकसाहेब चिखलात बसले. त्यांनी या कड्यासाठी उमेदीची वर्षं घालवली होती. त्यांच्या देशातली अर्धी गावं या धरणाच्या विजेची वाट बघत होती. ते मला म्हणाले, "घ्या लिहून. डावा कडा नदीला जोडलेल्या भेगेनं फुटलेला आहे. इथे धरण बांधू नये."

नदीबाईंना जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. त्यांनी नुसता खडकसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढे एक वाक्य त्यांनीच घातलं की घळीच्या खाली, पठाराजवळ, लहान धरणाची जागा दोघांनी मिळून शोधावी आणि विजेचा वाटा वरच्या देशाला आधी मिळावा. आम्ही पाचही जणांनी ओल्या कागदावर सह्या केल्या. दोरवाल्यानंही.

दोर लावून आम्ही कड्याच्या माथ्यावर चढलो आणि तिथून गावांकडे उतरलो. पूल नव्हता. दोन्ही चौक्यांच्या जागी चिखल होता आणि खालच्या आळीतली घरं गेली होती. पण दोन्ही टेकड्यांवर माणसं होती! नर्सताई डाव्या टेकडीवरून उजवीकडे हाका घालू लागल्या. पलीकडून घराघराची उत्तरं येत गेली. आहेत, सगळे आहेत. या काठाचीही मोजदाद झाली. एक म्हातारं जोडपं सोडून सगळे होते.

पलीकडचाही एक मिळेना. उजव्या चौकीचा एक शिपाई. त्याचा अधिकारी पलीकडून नदीबाईंच्या संचावर सारखा विचारत होता.  आम्ही सगळे खाली चिखलाकडे बघत राहिलो.

तो आमच्याच बाजूला, टेकडीमागच्या गोठ्यात सापडला. पाठीवर तो म्हातारा, हाताला धरलेली त्याची बायको. दोघंही ठार बहिरे. भोंगा त्यांना ऐकू जाणार नव्हता हे त्याला ठाऊक होतं, कारण रोज चौकीवरून त्याला त्यांचं अंगण दिसायचं. पुलावर जाऊ नका म्हटल्यावर हा पठ्ठ्या पुलावरून धावत इकडे आला होता.

सगळ्यांनी त्याला घेरलं, पाणी दिलं. तेवढ्यात डाव्या चौकीचा अधिकारी माझ्यापाशी आला आणि अवघडून हळूच म्हणाला की हा गणवेशात, बंदुकीसह, परवान्याशिवाय सरहद्द ओलांडून आलेला आहे. मी कळवलं नाही तर माझी नोकरी जाईल, कळवलं तर याची, म्हणाला. याची नोंद कशी करू, तुम्हीच सांगा.

मी खडकसाहेबांकडे पाहिलं, नदीबाईंकडे पाहिलं. दोघांनी एकदमच मान डोलावली.

आमच्या तुकडीचा सरहद्दीचा परवाना दोन्ही देशांचा होता आणि त्यात माणसं घालायचा अधिकार माझा होता. मी तो चिखलानं माखलेला कागद खिशातून काढला आणि शिपायाला त्याचं नाव विचारलं.

"हा आमच्या तुकडीतला सहावा," मी अधिकाऱ्याला सांगितलं. "जरा मागे राहिला होता, एवढंच."