निवडलेले दाणे

प्रभूनं शेंगाचटणीची बरणी ताटाजवळून उचलली आणि सगळ्यांच्या देखत कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली.

"आजपासनं ही घरात नको, अव्वा. ह्यात पहिल्या गटाचं विष असतंय, सिगारेटच्या बरोबरीचं. कॅन्सर करणाऱ्या जिनसांची मोबाइलवर यादीच हाय. अप्पांच्या लिव्हरला कॅन्सर उगाच झाला व्हय?"

दाक्षायणीच्या हातातली कडक भाकरी हातातच राहिली. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शिवलिंगप्पांना शेवटच्या दुखण्यातही बायकोच्याच हातची चटणी लागे... आणि पोटचा लेक म्हणत होता, की तिनंच त्यांना घासाघासानं मारलं. तीस वर्षं तिनं एकेक दाणा निवडला होता. काळा, सुरकुतलेला, बुरसटलेला एकही उखळात जाऊ दिला नव्हता. पण हे सांगायचं कुणाला, आणि सांगितल्यानं गेलेलं माणूस परत येणार होतं का? तिचं जेवण दोन घासांवर आलं.

सुनेला, सिद्धेश्वरीला, ते बघवेना. नवऱ्याशी वाद न घालता तिनं मायलेकांना अप्पांवर उपचार केलेल्या डॉक्टरबाईंपुढं नेऊन बसवलं.

"गट एवढंच सांगतो, की कॅन्सर होतो ह्याचा पुरावा किती पक्का आहे," बाई म्हणाल्या. "धोका किती मोठा, ते नाही. आपलं सोलापूरचं ऊनही पहिल्याच गटात आहे, म्हणून ते सिगारेटएवढं झालं का? तोंड पोळणारा चहा 'बहुधा होतो' म्हणणाऱ्या गटात, आणि कॉफीबद्दल तर ठरवताच आलेलं नाही. विष शेंगदाण्यात नसतं, त्याच्या बुरशीत असतं. अप्पांना वर्षानुवर्षं बी प्रकारची कावीळ होती, ते मोठं कारण. आईंनी दाणे निवडून उलट तुम्हाला जपलंय."

दाक्षायणीच्या काळजावरची धोंड उतरली, डोळे घळाघळा वाहू लागले. तेवढ्यात बाईंनी सहज विचारलं, "मावशी, ते खराब दाणे कुठं टाकता?"

"टाकती कशाला? अन्न हाय ते. माझ्यापुरती येगळी चटणी करती त्याची. कडू लागतीया, मग तिखट जरा जास्त घालायचं."

फळीच्या कोपऱ्यातली आईची लहान डबी प्रभूनं रोज पाहिली होती, कधी उघडली मात्र नव्हती. तो खुर्चीवरून उठला आणि आईच्या पायांशी बसला.

"अव्वा... आमच्या वाटचं तू खात हुतीस, आन् मी तुझ्यावरच आळ घेतला."

"ऊठ, कपडे मळतील," एवढंच ती म्हणाली आणि त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली.

बाईंनी लगेच दाक्षायणीचं रक्त तपासायला घेतलं, सोनोग्राफी करायला लावली. आठ दिवस घरात कुणाला अन्न गोड लागलं नाही. रिपोर्ट मात्र चांगले आले. वर्षातून एकदा दाखवायचं आणि ती डबी कायमची बंद, एवढंच पथ्य.

रविवारी सकाळी प्रभू स्वतः परात घेऊन दाणे निवडायला बसला. एक काळपट दाणा दिसताच दाक्षायणीचा हात सवयीनं तो बाजूला ठेवायला गेला. प्रभूनं तो तिच्या बोटांतून काढून घेतला आणि कचऱ्यात टाकला. सिद्धेश्वरीनं चटणी कुटली, भाकरीच्या तुकड्यावर तेल घालून पहिला घास सासूपुढं धरला.

दाक्षायणीनं तो सावकाश चावला. मग लेकाकडं बघून नवलानं म्हणाली,

"गोड हाय की रे... तुमी समदे एवढी वर्षं असली खात हुता व्हय?"

प्रभूनं भरलेली बरणी उचलली आणि तिच्या ताटाजवळ ठेवली.