सरोज लिमये तबला शिकते

"नातीला सोडायला आलात का?"

जिन्याच्या वरच्या पायरीवर एक उंचापुरा माणूस चपला काढत होता. पांढराशुभ्र शर्ट, मनगटात सोन्याचं जाडजूड कडं, पिकलेल्या भरघोस मिशा. ठाकुर्लीतल्या त्या इवल्याशा संगीतवर्गाच्या दारात तो असा उभा होता, की जणू अख्खी इमारत त्याचीच!

"नाही," मी म्हटलं. धाप लागली होती, तरी मान ताठ. "मीच शिकायला आलेय. तबला. आणि तुम्ही नातवाला घ्यायला आलात वाटतं?"

"नाय वो बाय..." तो मिशीतल्या मिशीत हसला. "आमचा नातू घरी मोबाइल खेलतो. पेटी मीच शिकतो."

हे काळुराम भोईर. आणि मी सरोज लिमये. गणिताची निवृत्त शिक्षिका, साठी ओलांडलेली, नवऱ्यामागे डोंबिवलीत एकटी राहणारी.

तबलाच का, असं मला सगळ्यांनी विचारलं. लहानपणी मी शेजारच्या तबल्यावर थाप मारली, तेव्हा माझे वडील, अण्णा, म्हणाले होते, "मुलींनी पेटी शिकावी. तबला म्हणजे मांडी ठोकून बसायचं काम." तेव्हा मी निमूट उठले होते. पण खरं कारण वेगळंच. एका सकाळी मी स्वयंपाकघरात गाजर हातात धरून उभी होते आणि मला 'किसणी' हा शब्द आठवेना. वस्तू समोर टांगलेली, आणि शब्द... नाहीच. माझी आई शेवटी मला 'ताई, तुम्ही कुणाच्या?' असं विचारायची. मी गाजर तसंच ठेवलं आणि खूप वेळ खुर्चीत बसून राहिले.

माझा मुलगा अद्वय म्हणाला, "आई, टेन्शन घेऊ नकोस. तू आमच्याकडे माजिवड्याला ये. आराम कर."

आराम! म्हणजे बाविसाव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बसून हायवे बघायचा. डोक्याला गंज चढायचा असेल तर चढू दे, पण मी होऊन त्याला पाणी घालणार नव्हते. म्हणून मी तबला घेतला.

आमचे प्रशांत सर जेमतेम तिशीचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हा दोन म्हाताऱ्यांची जोडी लावली. म्हणजे सोयीसाठी हं... काळुराम पेटीवर लेहरा धरणार, तीच तीच सुरावट पुन्हा पुन्हा, आणि त्यावर मी तबला वाजवणार. चक्कर मारून दोघांनी एकदम समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर पोचायचं.

मी पोचायचेच नाही. गणित शिकवण्यात जन्म गेला, आणि सोळा मात्रा मोजता येईनात!

"मोजू नका," काळुराम एकदा हळूच म्हणाले. "मना पन मोजता येत नाय. मी फक्त तुमच्या मानेकडं बगतो. सम आली का, हात चुकला तरी तुमची मान हलते."

"म्हणजे तुम्ही पेटी वाजवताना माझ्याकडे बघता?"

"मंग काय पेटीकडं बगू?" ते अगदी निरागसपणे म्हणाले. "पेटी तर रोज घरी बी हाय."

मी डग्ग्यावर उगाचच जोरात थाप मारली. बोटं दुखली... पण गाल का तापले, ते सरांना कळू नये म्हणून खाली बघत राहिले.

वर्ग सुटला की आम्ही खालच्या टपरीवर चहा घ्यायचो. मी त्यांना किसणीचं, आईचं सांगितलं. त्यांचंही हळूहळू कळत गेलं. चोळेगावात त्यांची भातशेती होती. तिथे टॉवर उभे राहिले, भाडं घरबसल्या येऊ लागलं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"सकालपासून बाकड्यावर बसायचं न् कोन गेला, कोन मेला त्याच गोष्टी," ते म्हणाले. "मानूस बसून बसून दगड होतो, मॅडम. गावच्या भजनात लहानपनी पेटीला हात लावला तं बापानं नांगराला जुंपला. आता नांगर बी नाय, बाप बी नाय. मंग मना आडवनार कोन?"

"आणि घरचे काय म्हणतात?"

"हसतात." त्यांनी बशीत चहा ओतला. "तुमच्या घरचे?"

"तेही."

"मंग बरा झाला," ते म्हणाले, "दोगांवर एकदमच हसतील. त्यांचा पन टाइम वाचंल."

मी इतकी हसले, की टपरीवाला वळून बघायला लागला. असं हसून मला किती दिवस झाले होते कोण जाणे.

एखादी गोष्ट नव्याने येऊ लागली की माणूस आतून कसा उजळतो! 'धा धा तिरकिट' बोटांतून सुटं पडू लागलं. भाजी चिरताना, पायऱ्या चढताना तोंडात बोल. शब्द अजूनही कधीकधी निसटायचे, नाही असं नाही. पण आता मी घाबरून खुर्चीत बसत नव्हते. 'निसटलास? जा, येशील परत,' म्हणायचे आणि पुढच्या कामाला लागायचे.

मग प्रशांत सरांनी डोंबिवलीतल्या एका छोट्या सभागृहात विद्यार्थ्यांचा कार्यक्रम ठरवला. माझं नाव पहिलंच. तबला सरोज लिमये, लेहरा काळुराम भोईर.

आणि काळुराम वर्गाला यायचे बंद झाले.

एक आठवडा गेला, दुसरा गेला. फोन केला तर म्हणायचे, "तब्येत जरा..." आणि फोन ठेवायचे. मला ते पटेना. शेवटी मी भर दुपारी रिक्षा केली आणि थेट चोळेगाव गाठलं.

दार त्यांच्या सुनेने, दिशाने उघडलं. मागे हॉलमध्ये काळुराम टीव्हीसमोर बसलेले. चांगले ठणठणीत! मला बघून ताडकन उठले.

"मॅडम, तुमी? हितं?"

"तब्येतीची चौकशी करायला आलेय. काय झालंय तब्येतीला?"

दिशाच मध्ये म्हणाली, "काकी, तुमच्या मुलाने सरांकडून नंबर घेऊन फोन केलेला यांना. म्हणाला, आईच्या सोसायटीत लोक बोलायला लागलेत, तुम्ही जरा लांब राहा. तेव्हापासून पेटीला हात नाय लावला त्यांनी. आम्ही आधी हसायचो... आता वाटतं, पेटी वाजवत होते तेच बरं होतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अद्वयने? माझ्या अद्वयने?

"आणि तुम्ही ऐकलंत?" मी काळुरामांना विचारलं.

"तुमच्या नावाला बट्टा नको, म्हनून—"

"माझं नाव माझं आहे. ते सांभाळायला मी कुणाला ठेवलेलं नाही. त्याला नाही आणि तुम्हालाही नाही. इतकी वर्षं मी लोकांचंच ऐकत आले, काळुराम. तबल्यावरून ऊठ म्हणाले, उठले. आता नाही उठणार. तुम्हाला यायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा. पण माझ्यासाठी म्हणून यायचं बंद मुळीच करायचं नाही!"

त्यांना पहिल्यांदाच मी नावाने हाक मारली होती. ते टीव्हीकडे गेले आणि त्यांनी तो बंद केला.

"दिशा," ते म्हणाले, "पेटी कुटं ठेवलीस गो?"

कार्यक्रमाला अद्वय आला होता. मागच्या रांगेत, हाताची घडी घालून. फोनवर मी त्याला एवढंच सांगितलं होतं, "ये, आणि बघ. बोलायचं ते नंतर."

सुरुवात छान झाली. ठेका, मग कायदा, म्हणजे बोलांची मूळ रचना, ती फिरवून एक पलटा, दुसरा... आणि तिसऱ्याला डोकं एकदम कोरं झालं. काहीच नाही. हात तबल्यावर, आणि बोल गायब. आईचा तो चेहरा डोळ्यांसमोर आला. सभागृहात कुणीतरी खोकलं. पुढच्या रांगेतल्या दोन बायका एकमेकींच्या कानाला लागल्या.

पण लेहरा थांबला नव्हता.

मी मान वर केली. काळुराम माझ्याकडेच बघत होते. घाई नाही, कीव नाही. सम आली, त्यांनी मान हलवली. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा सम, पुन्हा मान. जणू त्यांना वाट बघायला संध्याकाळभर सवड होती.

मी तिसरा पलटा आठवायचा नाद सोडला. सरळ ठेका धरला, अगदी पहिल्या दिवशी शिकलेला. मग हात आपोआप तिहाईकडे वळले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा... धा! आम्ही दोघं एकदम समेवर.

टाळ्या वाजल्या.

विंगेत आल्यावर मी म्हटलं, "तिसरा पलटा विसरले मी."

"मना कलला." त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "मॅडम... सरोज... एक बोलू? तुमी विसरलात तरी मी हितंच हाय. आज, उद्या, कवा बी. मी लेहरा नाय सोडनार."

एवढी तोंडाळ बाई मी, आणि डोळे मात्र भरून आले.

"एक दिवस मी तुम्हालाच विसरले तर?"

"मंग मी रोज नव्यानं वलख करून देईन. मना काय, दुसरं काम हाय का?"

रडता रडता मी हसले. त्यांचा हात हातात घेतला. रापलेला, खरबरीत, गरम हात. "मग चहा पिण्यावर नाही भागायचं, काळुराम. आपण लग्न करू."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "खरा?"

"खरं."

"आई..."

अद्वय विंगेच्या तोंडाशी उभा होता. किती ऐकलं होतं त्याने, देव जाणे. त्याची नजर आमच्या हातांवर गेली. मी हात सोडला नाही.

"आई, मला वाटलं, लोक तुला नावं ठेवतील... मला ते सहन नसतं झालं गं."

"मला होतं सहन," मी म्हटलं. "बाविसाव्या मजल्यावर बसून राहणं मात्र झालं नसतं. अद्वय, हे काळुराम भोईर. आम्ही लग्न करतोय. बँडबाजा काही नाही, रजिस्टर पद्धतीने. तिथे साक्षीदार लागतात. तू येणार असलास तर आनंद आहे. नाही आलास, तर प्रशांत सर येतील. लग्न थांबणार नाही."

तो पुढे झाला आणि जरा अवघडूनच काळुरामांच्या पायांशी वाकला. त्यांनी त्याला मध्येच धरून उभं केलं.

"तारीख ठरली की सांग, आई," अद्वय म्हणाला. "मी सुट्टी टाकतो."