वळचणीला टांगलेला झगा

घोडीवरून माणूस पडतो, यात हंगेरीतल्या होर्तोबाजच्या माळावर कुणाला नवल वाटत नाही. पण पडताना खोगीर दोन्ही हातांत धरून, वाढलेलं ताट आणावं तसं, थेट आपल्या पायाशी येऊन पडलेला माणूस लिदीने मार्च महिन्यातल्या त्या सकाळी पहिल्यांदाच पाहिला.

चूक तिचीच होती. धुतलेली चादर झटकत ती दाराबाहेर आली आणि अंगणातली माकोश घोडी उभ्या जागी दोन हात बाजूला सरकली. पाठीवरचा तरुण आणि त्याचं खोगीर मात्र होते तिथेच राहिले — हवेत. आमच्याकडच्या खोगिराला तंग, म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा, नसतो. घोड्याच्या पाठीवर टाकायचं, टांग मारायची आणि सुटायचं. ज्याच्या मांडीत दम आहे तो टिकतो, बाकीचे चिखल खातात.

"हे... शामूकाकांचं घर ना?" चिखलातून प्रश्न आला.

"हो."

"मी आम्ब्रुश. नवा राखणदार. घोडी उभी दिसली, राहवलं नाही, खोगीर टाकून पाहिलं. कामावर हजर झालोय."

"दिसतंय," लिदी म्हणाली. "उठा पाहुणे, माझ्या चादरीवर बसलात."

तो उठला. केसांतून पाणी गळत होतं, एका भुवईवर चिखलाचा ठिपका होता, आणि तो हसत होता. इतका आपटून हसणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर... लिदीने पुढचा विचार चादरीबरोबर पिळून टाकला.

माकोशची गोष्ट सांगायला हवी. पांढऱ्या अंगावर खसखस भुरभुरल्यासारखे काळे ठिपके, वाऱ्याला मागे टाकणारी चाल. गेल्या वसंतात वादळ झालं आणि धुराड्यावरचं करकोच्याचं घरटं, गाडीच्या चाकाएवढं, सुटून बरोबर तिच्या पाठीवर बसलं. आत मादी अंडी उबवत होती. ती काही उठली नाही, आईच ती. तिने नुसते पंख पसरले. पाठीवर दोन पांढरे पंख फडफडवत माकोश नऊ कमानींच्या पुलापर्यंत पळाली. नवव्या कमानीपाशी अंड्यांतून पिल्लं निघाली असं लोक सांगतात. लोक वाढवून सांगतात. आठव्या कमानीपाशीच निघाली.

तेव्हापासून पांढरं आणि फडफडणारं काहीही दिसलं की माकोशचे डोळे फिरत. चादर, ओढणी, एकदा तर पाद्रीबाबांची दाढी. आणि आमचा प्रत्येक राखणदार अंगावर काय घालतो? जाड पांढऱ्या लोकरीचा, टाचांपर्यंत लोंबणारा, लाल फुलं भरलेला झगा. अशा घोडीने कळपात काम करायचं कसं? दहा महिने ती नुसती उभी होती. पोट सुटलं होतं, चार पावलांत घाम येत होता.

शामूकाका, लिदीचे वडील, सगळ्या राखणदारांचे मुखिया. ते एकदाच बोलत. "संत जॉर्जच्या दिवशी, चोवीस एप्रिलला, कळप माळावर निघेल. आदल्या दुपारपर्यंत ही झग्याजवळून नीट गेली तर आम्ब्रुशची. नाही गेली तर गिरणीवाला येऊन नेईल."

गिरणीवाल्याकडे घोड्यांच्या डोळ्यांना पट्टी बांधतात आणि मरेपर्यंत जात्याभोवती फिरवतात. माकोश जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा पुसून कोरडं केलं होतं ते लिदीने. त्या संध्याकाळी लिदीला जेवण गेलं नाही.

"रडतेस?" आम्ब्रुशने तबेल्याच्या दारातून विचारलं.

"कांदा कापत होते."

"तबेल्यात?"

"आमच्याकडे तबेल्यातच कापतात. तुला काय करायचंय?"

"मला घोडी हवीय," तो म्हणाला. "आणि तिचा स्वभाव जाणणारं माणूस हवंय. एकटा राहिलो तर रोज चिखलातच भेटेन तुला."

मग सुरू झालं काम. पहिला आठवडा पाठीवर काहीच नाही, नुसतं दोराने धरून चालवणं. आधी विहिरीपर्यंत, मग बांधापर्यंत, मग पाऊस आला तरी थोडं पुढे. दुसऱ्या आठवड्यात दुडकी. आम्ब्रुशने आपला झगा घडी घालून, घालून हातरुमालाएवढा केला आणि जवाच्या घमेल्याखाली ठेवला. रोज एकच घडी उलगडायची. माकोश मान लांब करून खाई आणि पाय मात्र दुसऱ्या गावाला न्यायचे असल्यासारखे मागे ठेवी.

"घाई केलीस की गेली," तो सांगे. "घाबरलेल्याला ढकलायचं नाही. आपण उभं राहायचं... आणि त्याला यायला वेळ द्यायचा."

"घोडीबद्दल बोलतोयस ना?"

"दुसरं कोण आहे इथे?" असं म्हणून तो घोडी सोडून सगळीकडे बघे. लिदीकडे जरा जास्तच.

आई पोळपाटावर खसखशीच्या शेवया कापता कापता एवढंच विचारी, "झगा रोज परत नेतो ना तो?"

"नेतो गं."

"मग ठीक."

कारण आमच्याकडे मुलीला मागणी तोंडाने घालत नाहीत. मुलगा येतो, गप्पा मारतो आणि जाताना झगा 'विसरून' जातो. सकाळी झगा घरात असला तर होकार. वळचणीला टांगलेला दिसला तर नकार. मग मुलाने तो घ्यायचा, आणि त्या अंगणात पुन्हा पाय ठेवायचा नाही. म्हणून आम्ब्रुश रोज संध्याकाळी झगा आठवणीने खांद्यावर टाकून जाई, उकडत असलं तरी.

सहा आठवडे असेच सरले. माकोशचं पोट आत गेलं, अंगावर तकाकी आली. आम्ब्रुश तिच्यावर बसून विहिरीला फेरी मारू लागला. झग्याची शेवटची घडी उलगडली आणि तबेल्यात तिने तो हुंगला. पण तबेल्यातला झगा गप्प पडून असतो. वाऱ्यातला फडफडतो. ती परीक्षा राहिली होती आणि दिवस उरला होता एक.

त्या संध्याकाळी आम्ब्रुश दारात घुटमळला.

"झगा... राहू दे आज इथेच?"

लिदी माकोशच्या खुरातला खडा काढत होती. डोक्यात उद्याची दुपार, गिरणीवाला आणि वारा. "राहू दे की," ती म्हणाली.

"खरंच?"

"बरंच झालं. मला हवाच होता."

त्याचे कान लाल झाले. त्याने टोपी काढली, घातली, पुन्हा काढली आणि उंबऱ्याला अडखळून गेला. लिदीला वाटलं, दमला असेल.

पहाटे ती उठली तेव्हा वारा सुटला होता. आमच्या माळावर झाड नावाची गोष्ट नाही. काही टांगायचं तर अख्ख्या अंगणात एकच जागा, घराची वळचण. लिदीने झगा खुंटीला अडकवला. बाह्या दोन्हीकडे पसरल्या, खाली वर होऊ लागल्या. अगदी करकोच्याचे पंख. तिने माकोशला दोराने धरून आणलं.

माकोश थांबली. थरथरली. लिदी काही बोलली नाही, ओढलं नाही, उभी राहिली. वेळ दिला. मग एक पाऊल... दुसरं... आणि माकोशने मान लांब करून फडफडणाऱ्या बाहीला नाक लावलं. एवढंच नाही, बाहीवरचं एक लाल फूल दातांनी उपटून चघळू लागली.

लिदी हसत वळली आणि हसू तसंच चेहऱ्यावर वाळलं.

कुंपणापलीकडे निम्मं गाव उभं होतं. आम्ब्रुश काल झग्याशिवाय परतलेला सगळ्यांनी पाहिला होता. शेजारच्या रेबेकाबाईंच्या हातातली दुधाची चरवी तिरपी होऊन दूध पायावर सांडत होतं, तरी त्यांना पत्ता नव्हता. आई दारात थिजली होती. आणि रस्त्यावर, नवी टोपी हातात धरून, धुतलेला निळा सदरा घातलेला आम्ब्रुश. त्याची नजर वळचणीवर होती.

लिदीने वर पाहिलं. टांगलेला झगा आता कुठे तिला दिसला.

"आम्ब्रुश... अरे, हे ते नाही—"

पण वारा उलटा होता, शब्द त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत. त्याने टोपी घातली, मान तुकवली, जशी रीत आहे तशी, आणि वळून पुलाच्या दिशेने चालू लागला. झगासुद्धा न घेता.

"काय गं हे," रेबेकाबाई म्हणाल्या. "इतका गुणी मुलगा. आणि वर घोडीला चारलास त्याचा झगा?"

"नको होता तर घरात सांगायचंस," आई पुटपुटली. "असा दिवसाउजेडी..."

"मला हवाय तो," लिदी म्हणाली. आपल्याच तोंडून हे ऐकून तिला इतका धक्का बसला की तिने ते पुन्हा म्हणून पाहिलं. "आई, मला हवाय तो."

शामूकाका एकदाच बोलत. "मग मला काय सांगतेस," ते म्हणाले. "पुलापलीकडे दुसऱ्या मुखियाचा कळप आहे. तो त्याला दोन्ही हातांनी ठेवून घेईल."

लिदीने झगा खुंटीवरून ओढला आणि स्वतःच्या खांद्यांवर घेतला. मुलीने राखणदाराचा झगा अंगावर घेतलेला गावाने पाहिला नव्हता. रेबेकाबाईंची चरवी आता पूर्ण रिकामी झाली. मग लिदीने बिनतंगाचं खोगीर माकोशच्या पाठीवर टाकलं. बाराव्या वर्षापर्यंत ती घोड्यावर बसत असे, पुढे आईने बंद केलं. पाय विसरले नव्हते. टांग मारली, बसली.

वारा झग्यात शिरला आणि माकोशच्या पाठीवर पुन्हा दोन पांढरे पंख उघडले.

माकोशचे कान मागे गेले. सगळं गाव श्वास रोखून उभं राहिलं. लिदीने तिच्या मानेवर हात ठेवला. "तू ठरव," ती कुजबुजली. "मी थांबते."

कान पुढे आले. माकोश निघाली. दुडकी, मग चौखूर. बघणारे सांगतात, मधला ओढा तिने ओलांडला तेव्हा तिचे खूर पाण्याला लागलेच नाहीत. हे मात्र खरं आहे.

पुलाजवळ आम्ब्रुशने टापा ऐकल्या, वळून पाहिलं आणि तोंड उघडंच ठेवलं.

"झगा परत द्यायला आलीस?"

"घोडी दाखवायला आलेय. वाऱ्यात, झग्यासकट. वळचणीला तेवढ्यासाठीच टांगला होता. मूर्ख मी. दुसरं काही डोक्यातच नव्हतं."

त्याने माकोशची मान थोपटली. मग हळूच म्हणाला, "आणि आता काय आहे डोक्यात?"

"आधी तू सांग. काल विसरला होतास की ठेवला होतास?"

"लिदी, मी आजवर काहीच विसरलेलो नाही. तुझी चादरसुद्धा नाही. तिच्यावर सात निळ्या रेघा होत्या."

लिदीने झगा अंगाभोवती आवळला. "मग झगा मिळणार नाही," ती म्हणाली. "तो आतल्या खोलीत टांगायचाय."

आम्ब्रुशने टोपी हवेत उडवली. मग आनंदाच्या भरात त्याने ती चूक केली जी आमच्याकडचं शेंबडं पोरही करत नाही. तिच्यामागे बसायला म्हणून रिकिबीत पाय घातला आणि अंगाचा सगळा भार टाकला. तंग नसलेलं खोगीर फिरलं. खोगीर, लिदी, झगा, आम्ब्रुश, सगळं एका ढिगात रस्त्याकडेच्या गवतात.

वर पांढरा झगा. त्याखाली काहीतरी धडपडतंय, हसतंय, वर उठतंय, पुन्हा बसतंय. माकोशने आयुष्यात याहून भयंकर काही पाहिलं नसेल.

"पळाली का रे?" झग्याखालून लिदीचा आवाज.

"थांब, बघतो." एक कोपरा उचलला गेला. चार ठिपकेदार पाय, हातभर अंतरावर, स्वस्थ. वरून एक नाक खाली आलं आणि दुसरं लाल फूल शोधू लागलं. "उभी आहे," तो म्हणाला. "लिदी... ती उभी आहे."

कोपरा पुन्हा खाली पडला. झगा हलायचा थांबला.

तेवढ्यात गाड्या भरून गाव येऊन ठेपलं. पुढे शामूकाका, मागे आई, तिच्यामागे रेबेकाबाई मान उंच करून. शामूकाकांनी घोडी पाहिली, गवतातला निश्चल झगा पाहिला आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"गिरणीवाल्याला सांगा, येऊ नको," ते म्हणाले. मग आयुष्यात पहिल्यांदाच दुसऱ्यांदा बोलले. "आणि सगळ्यांनी तिकडे तोंड करा. पुलाच्या कमानी मोजा. सावकाश."

गावाने मोजल्या. नऊ भरल्या. रेबेकाबाईंच्या मात्र चौदा भरल्या, आणि एवढ्या वेळात एकदाही मागे वळून पाहिलं नाही, असं त्या आजही शपथेवर सांगतात.