मुरायला ठेवलेली बादली

लातूरच्या ट्युशन एरियात शांतम्माची मेस होती, आणि ताटात काय उरलं यावरून पोरगी ओळखायची तिची रीत होती. वांगं टाकणारी लाडाची. पोळीचे काठ टाकणारी घाईची. सगळंच टाकलं, तर समजायचं की चाचणीचे मार्क घरी पोचले. कंधारची पंचशीला तेवढी ताट पुसून ठेवायची. "हिला डॉक्टर न्हाई व्हायचं, जेवायचंय," असं शांतम्मा चारचौघींत म्हणायची आणि गरम पोळी पहिली तिलाच वाढायची.

पण बाकीच्यांच्या उष्ट्याचं करायचं काय? घंटागाडीवाले मिसळलेला कचरा घेईनात. तेव्हा नांदेडला कृषी विद्यालयात शिकवणाऱ्या लेकीनं, स्वप्नालीनं, घट्ट झाकणाच्या दोन बादल्या आणि आंबवलेल्या कोंड्याची पिशवी आणून दिली. उष्टं टाकायचं, वर मूठभर कोंडा भुरभुरायचा, ताटलीनं दाबून हवा काढायची, झाकणाचे खटके लावायचे. बादली भरली की पंधरवडाभर उघडायची नाही, मग मातीत पुरायचं.

"हवा लागली की कुजतं, आई. न्हाई लागली की मुरतं. लोणच्यावानी."

शांतम्माला हिशेब पटला. पण ताटली दाबताना तिचाच श्वास अडायचा, म्हणून ते काम तिनं पंचशीलेवर लोटलं. पोरीचा हात जड होता. हवा म्हणून राहायची नाही.

श्वास अडायला कारण होतं. भूकंपाच्या पहाटे किल्लारीकडच्या सासरी धाब्याचं घर तिच्या अंगावर बसलं होतं. दगडमातीत हाताला तांब्या लागला, तो ती वाजवत राहिली: दोन ठोके, थांबून एक. वरून दीर मलप्पाचा आवाज आला होता, "हितं कोण बी न्हाई. चला." पावलं लांब गेली. तिनं पुन्हा वाजवला, तेव्हा ती पावलं परतली.

तोच ठोका तिनं पुढं धंद्याला लावला. जेवण तयार झालं की पळीनं परातीवर दोन, थांबून एक. गोष्ट सगळ्या पोरींना पाठ होती. "काकू, आलो, उकरायला आलो," असं म्हणत पंचशीला जिना उतरायची.

श्रावणात मोरीत ठेवलेली भरली बादली वाजायला लागली. टक, टक. मग टक.

शांतम्मानं नांदेडला फोन लावला. आत गॅस धरतो, झाकण फुगतं, म्हणून स्वप्नाली हसली. शांतम्माही हसली. गॅसला मध्येच थांबायचं कसं कळतं, हे तिनं विचारलं नाही.

पण तिचा पाय मेसबाहेर निघेना. लेकीकडं जायचं ठरायचं आणि राहायचं. भाजी आणायला गेली तरी अर्ध्यातून परतायची. आपण नसताना आतलं कोणी वाजवून वाजवून गप झालं तर?

एका दुपारी आमटी उकळत होती, पोरी क्लासवरून यायच्या बेतात होत्या, आणि ठोके मंदावले. दमल्यासारखे. दोन. बऱ्याच वेळानं एक.

आपल्याला सोडून कोणी गेलं असतं तर?

तिनं खटके काढले.

आत ताटलीच्या कडेनं पोळ्यांवर पांढरी बुरशी होती आणि लोणच्यासारखा आंबूस वास. दुसरं काही नव्हतं. तिनं वाकून ताटली उचलली. खालून दुसराच वास आला. ओल्या पांढऱ्या मातीचा, धाब्याचा.

ठोके थांबले होते.

ती सरळ झाली. आमटी उकळत होती, पण तिचा आवाज येत नव्हता. फक्त वर, स्लॅबच्याही वर, पावलं होती. आणि मलप्पा, ज्याला जाऊन वर्षं लोटली होती.

"हितं कोण बी न्हाई. चला."

शांतम्मानं पळी घेतली. परातीवर दोन, थांबून एक. पुन्हा. पुन्हा.

पोरी आत आल्या. आमटी उतू जात होती, पंचशीलेनं गॅस बंद केला. तिनं मोरीकडं बघितलं, शांतम्माकडं बघितलं, मग त्याच नजरेनं भिंतीकडं.

शांतम्मा तिच्या तोंडापुढं परात बडवत होती.

"ठोका तर ऐकला गं," मागची एक म्हणाली.

"हितं कोणीच न्हाई," पंचशीला म्हणाली. "चला."

निघता निघता तिला उघडी बादली दिसली. शिकवल्याप्रमाणं तिनं पिशवीत हात घातला.

बादलीत टाकलेला मूठभर कोंडा शांतम्माच्या केसांवर भुरभुरला. मग वरून ताटली दाबत आली. पोरीचा हात जड होता.