दर दहा मिनिटांनी कोण?

"पोलिसांकडे द्यायचा अर्ज तयार आहे!" आप्पा कडाडले. "सगळ्या स्टाफसमोर त्याला चोर म्हटलंय, उगाच नाही म्हटलं."

आंब्याचा पल्प परदेशी पाठवणाऱ्या आप्पांचं हे रत्नागिरीतलं ऑफिस. चोर म्हणजे सर्व्हर सांभाळणारा धम्मदीप. खाजगी गुप्तहेर राजश्री आणि तिचा मदतनीस ऋत्विक त्याच्याच बोलावण्यावरून आले होते. आप्पांनी त्यांना साधं बसा म्हटलं नव्हतं.

आप्पांचा पुतण्या दीपक फुशारला होता. "बारा तारखेला मी सर्व्हरचे जादा पोर्ट बंद केले. तेव्हापासून त्यातल्या एका पोर्टवर हातखंब्याहून धडका येतायत. दर दहा मिनिटांनी! आणि हातखंब्याला राहतो कोण? हाच!"

"पोर्ट म्हणजे?" ऋत्विकने विचारलं.

"सर्व्हरचं दार. अशी हजारो असतात," राजश्री म्हणाली. "पासवर्ड टाकून बघितला का कोणी?"

"नाही," दीपक नाखुशीने म्हणाला.

"हातखंब्याला आपलं कोल्ड स्टोरेजपण आहे," धम्मदीप म्हणाला.

"तिथे कॉम्प्युटर आहे कुठे?" आप्पा खेकसले. "नुसता वॉचमन. त्याच्यावरपण माझी पाळत असते. माझा कोणावर विश्वास नाही!"

राजश्रीने नोंदी चाळल्या. "सोमवारी दहा ते चार एकही धडक नाही."

"दुरुस्तीसाठी अख्ख्या हातखंब्याची लाइट गेली होती," धम्मदीप म्हणाला. "मी घरूनच काम केलं, इन्व्हर्टरवर. दिवसभर सर्व्हरला जोडलेला होतो. नोंद बघा."

नोंद होती.

"आप्पा, वॉचमनवर पाळत कशी ठेवता?" राजश्रीने विचारलं.

आप्पा चाचरले. "एक पेटी बसवलेय. पाच वर्षं झाली. मशीन बंद करून झोपतो की काय, म्हणून. तापमान कळवते सर्व्हरला, मी महिनाअखेरीस बघतो. कोणाला बोललो नव्हतो."

"मग चोर तीच," राजश्री म्हणाली. "घड्याळ लावून येते आणि कुलूप न चाचपता जाते, हे माणसाचं काम नाही. धम्मदीपचं नेट चालू असताना ती लाइटीबरोबर गप्प झाली. आणि धडका बारा तारखेच्या नव्हेतच, पाच वर्षांच्या! आधी ती उघड्या दारातून सरळ आत जायची; दीपकने दार लावलं, तेव्हा कुठे त्या दिसल्या."

"अरे देवा!" ऋत्विक म्हणाला.

दीपकने पोर्ट उघडला. काही मिनिटांत पडद्यावर ओळ उमटली: कोल्ड स्टोरेज, उणे अठरा.

"बरं, झालं गेलं," आप्पा पुटपुटले. "धम्मदीप, लाग कामाला."

धम्मदीप जागचा हलला नाही.

"आधी बाहेर चला, आप्पा. चोर म्हणालात तेव्हा सगळे ऐकत होते."