टूथपेस्टने उजळलेली राणी

"काय चावलं होतं?" तोंडात आरसा घालण्याआधी पौर्णिमाने विचारलं.

खुर्चीतला तरुण चाचरला. त्याने एकदा छताकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेरच्या भुरभुर पावसाकडे, आणि मग तोंडावर हात धरूनच म्हणाला, "सम्राट."

"काय?"

"म्हणजे... नाणं. रोमन सम्राटाचं. चांदीचं आहे की नाही, ते बघत होतो."

पौर्णिमाने आरसा खाली ठेवला. अमरावतीच्या राजापेठेतल्या या छोट्याशा दवाखान्यात तिने सुपारीने, उसाने, अगदी सोडावॉटरच्या बाटलीच्या झाकणाने तुटलेले दात पाहिले होते. सम्राटाने तुटलेला पहिलाच.

"चावून?"

"सोनं चावून बघतात ना?"

"सोनं. आणि तेसुद्धा आपले पणजोबा. चांदी कोणी चावतं का?"

"चांदी मऊ असते, असं वाचलं होतं."

"तुमचा दात त्याहून मऊ निघाला. उघडा तोंड."

नाव सौमित्र. राहणारा अकोल्याचा, जठारपेठेतला. बडनेऱ्याच्या एका कॉलेजात मुलांना गणित शिकवायचा, आणि अलीकडे जुनी रोमन नाणी जमवायचं खूळ डोक्यात शिरलेलं. हे सगळं त्याने तोंडात कापूस असताना सांगितलं, म्हणजे बघा! पुढच्या दाताचा कोपरा तिने छान भरून दिला. तो उठला, खिशात हात घातला आणि भीत भीत ते नाणं पुढे केलं.

"तुमच्या चष्म्याला ती भिंगं आहेत ना... एकदा बघाल?"

नाही म्हणायला हवं होतं. बाहेर तीन पेशंट बसले होते. पण तो उभाच असा होता, जत्रेत फुगा मागणाऱ्या पोरासारखा. तिने नाणं दिव्याखाली धरलं.

"ओतीव आहे हे," ती म्हणाली. "कडेला साच्याची रेघ आहे, आणि हे बारीक खड्डे बघा, बुडबुड्यांचे. आम्ही दातांचे साचे ओततो ना, घाई केली की असेच बुडबुडे राहतात."

"खरी नाणी ओतत नसत. ठोकून पाडत," तो पुटपुटला. मग एकदम त्याचे डोळे चमकले. "डॉक्टर! तुम्हाला किती पटकन कळलं!"

खोटं नाणं निघालं म्हणून इतका आनंद झालेला माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला. आणि तिथेच तिचं चुकलं.

कारण पुढच्या गुरुवारी तो पुन्हा हजर. त्याच्या पुढच्याही. दात ठणठणीत, पण रुमालात गुंडाळलेलं काही ना काही असायचंच. हा राजा खरा का? हे अक्षर कुठलं वाटतं? याचं नाक झिजलंय, की मुळातच असं होतं? पायपुसण्यावर चपला नीट पुसून आत यायचा, बसायचा आणि सुरू! कुठल्या सम्राटाने चांदीत तांबं मिसळलं, कोणाला कोणी मारलं, कोणाची दाढी कोणाच्या दाढीहून लांब. पौर्णिमा कवळी घासता घासता ऐकायची आणि तिचं डोकं भणभणायचं.

"मॅडम, तुमचे सम्राट आले," बाहेरून संध्या हाक मारायची. संध्या म्हणजे दवाखान्यातली मदतनीस. जीभ अशी, की भूल द्यायची गरजच नाही.

"माझे काहून?" वैतागली की पौर्णिमाच्या तोंडी तिच्या गावची, वलगावची बोली यायची.

"मंग गुरुवारची शेवटची अपॉइंटमेंट तुमी कोनाले देऊन नाही राहिल्या, ते?"

खरंच, गुरुवारचा तो शेवटचा अर्धा तास कधीपासून मोकळा राहायला लागला होता, तिलाही कळलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र तिला कळली होती. हसताना तो अजूनही तोंडावर हात धरायचा. दात भरून महिने झाले तरी.

"हात काढा," ती एकदा म्हणाली. "इतका चांगला दात बसवलाय मी. झाकायचा तर बसवला कशाला?"

त्याने हात काढला. हसला. आणि पौर्णिमाने उगाचच ट्रेमधली हत्यारं पुन्हा एकदा नीट लावली.

पण बोलेल तर शपथ! दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांबद्दल तासभर बोलणारा हा मनुष्य समोर बसलेल्या जित्या बाईबद्दल अवाक्षर काढेना. कधी कधी बोलता बोलता थांबायचा, तिच्याकडे बघायचा... आता बोलणार, आता बोलणार... आणि म्हणायचा, "ट्रेजन सम्राटाचं मात्र कपाळ छोटं होतं हं."

तिला वाटायचं, ट्रेजनचं ते कपाळच आणून याच्यावर आपटावं.

भाद्रपदाच्या सुरुवातीला त्याचा फोन आला. "डॉक्टर, एक पाकीट तुमच्या पत्त्यावर येईल. चालेल ना?"

"माझ्या? काहून?"

"बाबांनी घरात नाण्यांवर बंदी घातलीय. वकील आहेत, अपीलही चालत नाही. पण या वेळी अस्सल आहे. मुंबईच्या लिलावातलं, पावतीसकट. माझं पहिलं खरं डिनॅरियस, रोमचं चांदीचं नाणं! राणी आहे, फॉस्टिना. ती गेल्यावर तिच्या नवऱ्याने, अँटोनायनसने, तिच्या चेहऱ्याची चांदीची नाणी पाडली. एकदा नाही, वर्षानुवर्षं. इतकी, की आजही माझ्यासारख्या नवशिक्याला एखादं मिळतं."

पौर्णिमाने हातातली कवळी खाली ठेवली. मग म्हणाली, "आणि ती जिवंत होती तेव्हा?"

"तेव्हा... थोडीफार."

"बघा! म्हणजे तिथेही तेच. समोर आहे तोवर मिठाची गुळणी, आणि गेल्यावर नाणी."

मग तो हळूच म्हणाला, "पाकीट आपण दोघं मिळून उघडू. गणपती झाले की येतो. आणि... ते पुसायचं नाही हं. चांदीवर जी काळी झाक असते ना, ती चढायला शेकडो वर्षं लागतात. तीच तिची खूण. आणि नाणं बघून झालं की... मला एक विचारायचंय."

"आत्ता विचारा की."

"नाही. नाणं समोर हवं."

फोन ठेवल्यावर तिने कपाळावर हात मारून घेतला. विचारायचं तिला, आणि साक्षीला रोमची राणी!

पाकीट आलं. तोवर दवाखान्याला महालक्ष्म्यांची सुटी लागली होती. बंद दवाखान्यात ते ठेवायचं कसं, म्हणून पौर्णिमाने पर्समध्ये घालून वलगावला नेलं आणि घरातल्या सगळ्यात भरवशाच्या जागी ठेवलं. देवघराच्या कपाटात, आईच्या चांदीच्या करंड्याशेजारी.

महालक्ष्म्या बसायच्या त्या दिवशी सकाळी ती बाबांबरोबर बाजारात गेली. सोळा भाज्या, केळीची पानं, शेवंतीची फुलं. परत आली तर ओसरीत आईने, म्हणजे शकुनबाईंनी, सगळी चांदी घासून ओळीने मांडून ठेवलेली. आत मखरात दोघी महालक्ष्म्या नेसून-सवरून उभ्या. पुढे गव्हाची रास. आणि राशीच्या माथ्यावर, आरशासारखं लखलखणारं...

पौर्णिमाच्या हातातली पिशवी खाली पडली. दोडके घरभर घरंगळले.

"आई! हे कुठून घेतलं?"

"कपाटातून. पाकिटात कोंबून ठेवलं व्हतं तू. अवं, कायंकुट्ट पडलं व्हतं! असं कायं नानं देवापुढं ठेवतात का?"

"कशानं घासलं?"

"तू आनतं ना दवाखान्यातून, ते सॅम्पलचं टूथपेस्ट. अन् जुना ब्रश. लय झाक निंगते त्याच्यानं, दर साली म्या त्याच्यानंच घासतो." शकुनबाई कौतुकानं नाण्याकडे पाहत होत्या. "अन् पाय ना, एका अंगाले बाई हाय, दुसऱ्या अंगाले बी बाईच. तिच्या हातात कनसं हायेत! म्हटलं, ही तं आपलीच लक्ष्मी."

पौर्णिमाने हात पुढे केला तशी आईने तो चटकन धरला. "हात नको लावू. राशीवर ठेवलेलं तिसऱ्या दिवशी बोळवन झाल्यावरच उचलतात. एवढं शिकली, अन् हे तुले म्या सांगू?"

तिला ओरडावंसं वाटत होतं. पण कोणावर ओरडणार? कपाटात ठेवलं तिनेच. टूथपेस्ट आणलं तिनेच. शेकडो वर्षं जपलं गेलेलं काही एका सकाळीत, पुदिन्याच्या वासाच्या फेसात वाहून गेलं होतं. आणि त्याच्यासोबत ते विचारायचं राहिलेलंही. तिला पक्कं वाटलं, हे कळलं की सौमित्र परत दवाखान्याची पायरी चढायचा नाही. गुरुवारचा तो अर्धा तास पुन्हा रिकामा... नुसता रिकामा.

लपवणं मात्र तिच्या रक्तात नव्हतं. तिने फोन लावला. उचलला दुसऱ्याच कोणीतरी. आवाज भारदस्त.

"मी वसंतराव, सौमित्रचा बाप. तो दुर्वा निवडतोय. आपण कोण?"

"मी डॉक्टर पौर्णिमा. अमरावतीहून..."

"अच्छा, अच्छा! दातवाल्या! बोला बोला. आमच्याकडे बंदी नाण्यांवर आहे हो, माणसांवर नाही."

मग सौमित्र फोनवर आला. तिने एका दमात सगळं सांगितलं. कपाट, आई, ब्रश, रास, बोळवणीशिवाय हात लावता येत नाही, सगळं.

पलीकडून आरतीच्या तयारीची घंटी ऐकू आली.

"कशाने घासलं म्हणालात?"

"टूथपेस्टने. मीच आणलेल्या."

मग, "मी उद्या येतो," एवढंच. फोन बंद.

दुसरा दिवस महालक्ष्मीच्या जेवणाचा. पौर्णिमाने भाज्या अशा चिरल्या, की जणू प्रत्येक भेंडीने तिचा अपमान केला होता. भांडायला येतोय. नक्कीच. येऊ दे. मीही सोडणार नाही. बाई ग, पण डोळ्यांत पाणी कशाला येतंय? कांदा तर नाहीये यात!

दुपारी पुरणाचा वास घरभर दरवळत असताना तो आला. अकोल्याहून बस, मग अमरावतीहून दुसरी बस, आणि स्टँडपासून पावसात भिजत. दारात चपला पुसल्या, नेहमीसारख्या.

"आमच्या पौर्णिमाचे पेशंट का तुमी?" बाबांनी, देवरावांनी, टॉवेल पुढे केला. "तुमचंच ना ते नानं? कुठलं म्हनता?"

"रोमचं. तिकडची जहाजं इकडे यायची काका, आपलं सुती कापड न्यायला. आणि चांदी देऊन जायची."

"आस्सं!" देवराव खूश झाले. "अवं शकुन, आयकलं का? आपल्या कापसाच्या पैशाचा चुकारा आत्ता आला! दोन हजार वर्सानं! म्हंजे मार्केटवालेच बरे म्हनाचे."

सौमित्र मखरापुढे बसला. दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकला आणि बघत राहिला. बराच वेळ. पौर्णिमा खांबाला टेकून उभी.

"गेली," तो शेवटी हलकेच म्हणाला. "झाक पार गेली. डोक्यावरच्या वेणीचे पेडही थोडे घासले गेलेत."

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. आणि तिचा बांध फुटला.

"मग ओरडा ना! असं हळू काय बोलून राहिले? कालपासून जीव टांगणीला आहे माझा. तुमच्या त्या राणीपायी जेवण गेलं नाही. चुकलं माझं! आईला काय माहीत? पण तुम्ही तरी... नाण्यासाठी एवढ्या पावसात धावत आलात, माणसासाठी कधी..."

"नाण्यासाठी आलो असतो तर उद्या आलो असतो."

ती थांबली.

"ते उद्याशिवाय उचलता येत नाही, हे तुम्हीच सांगितलंत फोनवर," तो म्हणाला. कानांच्या पाळ्या लाल झालेल्या. "मी गणिताचा माणूस आहे, डॉक्टर. एवढा हिशेब येतो मला."

"मग आज काहून आले?" तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"विचारायचं होतं ना... नाणं समोर हवं होतं. आहे समोर." त्याने एकदा राशीवरच्या राणीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. या वेळी नजर हलवली नाही. "तुम्ही त्या दिवशी म्हणालात, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. अँटोनायनसला फार उशीर झाला. मला तेवढा करायचा नाही. पौर्णिमा... माझ्याशी लग्न करशील?"

आत कढीला फोडणी बसली. त्या चुरचुरीत कोणाला काही ऐकू गेलं नसेल, असं तिला वाटलं. पण स्वयंपाकघरातला पळीचा आवाज मात्र एकदम थांबला.

"इतके महिने!" पौर्णिमा म्हणाली. "इतके महिने ट्रेजनचं कपाळ ऐकवलं मला! हे आधी नव्हतं सुचत?"

"सुचत होतं. म्हणूनच ट्रेजन आठवायचा."

"देवा रे..." तिने हात जोडले, ते त्याला की महालक्ष्मीला, कोण जाणे. मग पदराने डोळे पुसले. "हो. पण एक अट आहे. यापुढे काहीही चावायच्या आधी मला विचारायचं."

"पोरी," आतून शकुनबाईंचा आवाज आला, अगदी काही न ऐकल्यासारखा, "पावन्याले पाट मांड. अन् जवळच मांड, लांब नको मांडू."

केळीच्या पानावर वाफाळलेली पुरणपोळी पडली, वर तुपाची धार. सौमित्रने घास उचलला आणि तोंडाशी नेऊन थांबला.

"ही?" त्याने विचारलं.

"चाव," पौर्णिमा म्हणाली.

तो हसला. आणि या वेळी हात तोंडावर गेला नाही.