दाराखालचा पत्रा

"आडवी सळाक न लावता पत्रा कापला? तुले कोनं शिकवलं बे हे?"

अंगणातल्या टिनाच्या शेडमधून सासऱ्यांचा, मुखरूबाबांचा आवाज स्वयंपाकघरात आला. वच्छलेने खिडकीतून पाहिलं. तिचा दीर सुरज हातात ग्राइंडर घेऊन जुन्या अम्बॅसडरजवळ उभा होता. दाराखालचा गंजलेला पत्रा त्याने कापून काढला होता आणि मोटर मधोमध खचली होती. दार काही केल्या लागत नव्हतं.

जुन्या मोटरीचा सारा भार त्या दाराखालच्या पत्र्यावर! म्हणून तो कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडाची आडवी सळाक वेल्ड करून ठेवायची, हा सिंदेवाहीतल्या या मोटरी दुरुस्त करणाऱ्या घराचा पहिला धडा. पण या दिवट्याने धडे कधी मनावर घेतलेत?

"काई होत नाई बाबा," सुरज बेफिकिरीने म्हणाला. "जॅकवर उचलून घेतो. मागं डॉक्टरच्या फियाटलेबी मी असंच..."

आणि त्याने जीभ चावली.

डॉक्टरची फियाट! हाय रे दैवा, त्या एका मोटरीने वच्छलेचं अवघं आयुष्य करपवलं होतं! नवरा गेल्यावर सासऱ्यांनीच तिला शेडमध्ये नेलं, डोळे मिटून पत्र्यावर तळवा फिरवायला अन् उंचवटा ओळखायला शिकवलं. "हे माही सून नाई, लेक हाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगत. मग एक दिवस सुरजने दारूच्या नशेत सळाक न लावताच त्या फियाटचा पत्रा कापला, मोटर खचली, आणि सासूने, रुखमाबाईने, वच्छलेपुढे पदर पसरला...

"पोरी, त्याचं लग्न जुळून राह्यलं व! बुढ्याले समजलं तं घरातून हाकलून देतीन त्याले. तू बाईमानूस, तुले कोन का म्हनते?"

वच्छलेने सगळ्यांदेखत सांगितलं, "मी कापला."

तुले कोन का म्हनते! सासऱ्यांनी तिच्या हातातली हातोडी हिसकून घेतली. "बाईच्या हाती हत्यार देल्लं, माहंच चुकलं," एवढं बोलून त्यांनी जे तोंड फिरवलं, ते फिरवलंच. सुरजचं लग्न थाटात झालं. 'वयनी, चहा!' म्हणून तो शेडमधून ऑर्डरी सोडू लागला. सासू वारली, पण मरतानाही तिच्या तोंडून खरं निघालं नाही. आणि ज्या हातांना पत्रा सरळ करण्याची तहान होती, ते हात वर्षानुवर्षं भाकरी थापत राहिले...

आता म्हातारा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"वच्छला... ते फियाट... तू नाई कापली?"

"नाई, मामाजी."

"मंग सांगतलं काऊन नाई व? इतकी वर्सं?" त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. "माफ कर पोरी, मी तुह्या पाया पडतो!"

ते खरोखरच वाकले. तिने त्यांना धरून उभं केलं. तिलाही रडू फुटलं, पण ते मायेचं नव्हतं...

"आत्याबाईनं पदर पसरला, म्हून मी खोटं बोलली. ते मले जड नाई गेलं, मामाजी. पन सळाक लावल्याबिगर मी पत्रा कापीन? तुमी सोता शिकवलं होतं मले! अन् तुमी ते एका झटक्यात खरं मानलं? एकडाव विचारलंबी नाई?"



तिने पदर कमरेला खोचला, शेडमध्ये गेली आणि सुरजच्या हातातून ग्राइंडर काढून घेतला. तो मान खाली घालून बाजूला झाला. मुखरूबाबा डोळे पुसत लगबगीने तिच्यामागे आले.

"मी धरू लागतो व तुले, पोरी... पहिलेसारखं..."

"नोको, मामाजी. मोटर मी सरळ करीन," ती वळून न बघता म्हणाली. "तुमी तिकडं बसा."

मुखरूबाबा ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने शेडमधून हातोडीचे ठोके येऊ लागले. म्हातारा दिवसभर तिथेच बसून ते ऐकत राहिला, पण तिने त्याला हाक मारली नाही.